थोमाचे आठ दिवस: पाळक, धर्मगुरू आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, फादर आणि माझ्यासारखंच दर रविवारी मुलांना शिकवणाऱ्या सगळ्यांना,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

हे पत्र कुठल्याही एका मंडळीला किंवा पंथाला उद्देशून नाही. तक्रार म्हणाल तर आहे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात पहिली मीच उभी आहे. म्हणून आधी माझंच सांगते.

वीसेक वर्षं मी संडे स्कूलमध्ये शिकवते. लाजराची, म्हणजे येशूने मेलेल्या माणसाला कबरेतून उठवल्याची, गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कबरेवरची धोंड कुठल्या वाक्याला सरकवायची, ‘लाजरा, बाहेर ये’ केवढ्या आवाजात म्हणायचं, सगळं तोंडपाठ. एका रविवारी अशीच गोष्ट सांगून झाली आणि मुलं चित्र रंगवायला बसली. मागच्या बाकावरचा बारा वर्षांचा एक मुलगा खडू हातात धरून नुसताच बसला होता. दोन महिन्यांपूर्वी त्याचे वडील वारले होते. त्यांच्यासाठी आम्ही उपास केले होते, प्रार्थनेची साखळी धरली होती. मान वर न करता तो म्हणाला, “टीचर, लाजराच्या बहिणी रडल्या म्हणून येशूने त्याला उठवलं. माझी आई पण रडली ना?”

मी म्हटलं, “देवाची काहीतरी योजना असते, बाळा.”

“तुम्हाला माहीत आहे ती?”

मी त्याला चित्र पूर्ण करायला सांगितलं.

त्याने केलं. कबरेचं तोंड काळ्या खडूने भरत राहिला, कागद फाटेपर्यंत. पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या पुढच्याही आला. प्रश्न मात्र पुन्हा विचारला नाही. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात सगळी उत्तरं बिनचूक दिली, सफेद शर्ट घालून वेदीसमोर गुडघे टेकले, आणि वर्षभरात दिसेनासा झाला. आपण अशा मुलांबद्दल ‘जगाच्या मागे लागला’ असं म्हणतो. माझ्या त्या एका उत्तरामुळेच तो गेला, असं मी म्हणणार नाही. माणसं एका वाक्याने जात नाहीत. पण त्याने दार वाजवलं तेव्हा आतून कडी लावणारा हात माझा होता, एवढं मला ठाऊक आहे.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच की ही कडी मला एकटीला सापडलेली नाही. ती आपल्या सगळ्यांच्या हाताशी आहे आणि आपण तिला विश्वास म्हणतो.

आपल्या भाषेतली एक गंमत बघा. गणिताचे सर तास संपताना विचारतात, “काही शंका?” शंका विचारणारा मुलगा तिथे हुशार ठरतो. शंकानिरसन हा तर मानाचा शब्द. पण उपासनेच्या दारातून आत आलं की त्याच शंकेचा ‘संशय’ होतो, आणि संशय म्हटलं की मराठी कानाला नवरा-बायकोची भांडणं आणि पोलीस आठवतात. धर्मशिक्षणाच्या तासाला “काही शंका?” असं मी कधी विचारलं नव्हतं. मी विचारायचे, “समजलं ना सगळ्यांना?” त्यावर मुलं काय बोलणार?

आता येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या थोमाकडे येऊ, कारण संशयी म्हणून आपण त्याच्यावर शिक्काच मारला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तो तीन ठिकाणी बोलतो. पहिल्यांदा, यहूदीयात परत जाणं म्हणजे दगडमाराला सामोरं जाणं हे सगळ्यांना दिसत असताना, “आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ या,” असं म्हणणारा हाच. दुसऱ्यांदा, शेवटच्या रात्री, बाकीचे समजल्यासारखी मान डोलवत असावेत तेव्हा, “प्रभू, आपण कुठे जाता हे आम्हांला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार?” असं सरळ विचारणाराही हाच. ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ हे वाक्य आपण भिंतींवर लावतो, समाधीच्या दगडावर कोरतो. ते वाक्य थोमाच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याने गप्प बसून वही पुरी केली असती तर?

तिसऱ्यांदा तो बोलतो ते सगळ्यांना माहीत आहे. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. यावर आपले संदेश त्याला झोडपतात. पण थोड्या ओळी मागे जाऊन वाचा: पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू कबरेतून उठला त्या दिवसाच्या, संध्याकाळी येशूने बाकीच्यांना आपले हात आणि कूस दाखवली, आणि मग ते हर्षित झाले. म्हणजे त्यांनाही पाहायला मिळालंच होतं. थोमा जास्तीचं काही मागत नव्हता, इतरांच्या वाट्याला आलं तेच मागत होता. आणि येशू आल्यावर त्याने खरोखर बोट घातलं, असं योहान कुठेही लिहीत नाही. ते चित्र आपल्या डोक्यात चित्रकारांनी घातलं आहे. काराव्हाज्जोने १६०१-०२ च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात तर बोट थेट जखमेत रुतलेलं दिसतं. शास्त्रात मात्र व्रण पुढे आले आणि त्याच्या तोंडून एकदम निघालं, “माझा प्रभू व माझा देव!” सगळ्या शुभवर्तमानात येशूला इतक्या थेट शब्दांत देव म्हणणारा हा सर्वात उशिरा पोचलेला शिष्य. सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरीने एका प्रवचनात म्हटलंच आहे की इतर शिष्यांच्या विश्वासापेक्षा थोमाचा अविश्वास आपल्या विश्वासाच्या जास्त कामी आला.

पण माझं मन अडतं ते वेगळ्याच शब्दांवर. “आठ दिवसांनंतर.”

हे आठ दिवस आपण कधी मोजलेच नाहीत. एका खोलीत दहा जण आहेत. त्यांनी उठलेला प्रभू पाहिला आहे. त्यांची छाती आनंदाने भरली आहे. अकरावा म्हणतो, मला नाही पटत. तोही आठवडाभर. जेवायला एकत्र, झोपायला एकत्र, दारं आतून बंद. त्या आठवड्यात काय बोलणं झालं असेल, योहान सांगत नाही. पण आठव्या दिवशी येशू आला तेव्हा “थोमा त्यांच्याबरोबर होता,” एवढं मात्र तो आवर्जून नोंदवतो. दहांनी त्याला काढलं नाही. तुझ्यामुळे आमच्या साक्षीला बाध येतो, तू जरा बाहेर थांब, असं कुणी म्हटलं नाही. आणि त्यानेही, मला पटत नाही तर मी इथे कशाला, असं म्हणून वाट धरली नाही. पटलेलं नसताना तो राहिला, आणि पटलेल्यांनी त्याला राहू दिलं. माझ्या मते त्या अध्यायातला हा दुसरा चमत्कार आहे. आपल्या किती मंडळ्यांत थोमाने आठ दिवस काढले असते?

आपल्याकडे त्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी समजवायला आलं असतं. तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी ‘विशेष प्रार्थना’ झाली असती, त्याचं नाव घेऊन, त्याच्या देखत. चौथ्या दिवशी तो म्हणाला असता, हो हो, पटलं. आणि पाचव्या दिवसापासून खोलीत अकरा विश्वासणारे असते, त्यातला एक खोटा.

संशयापेक्षा मला याची भीती जास्त वाटते. संशय असलेला माणूस निदान देवाशी झगडत असतो. खोटं ‘आमेन’ म्हणणारा कुणाशीच बोलत नसतो.

शास्त्र स्वतः या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी धीट आहे. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि आपण उपासनेत गातो कोणती? तेविसावं, शंभरावं, एकशे एकविसावं. स्तोत्र ८८ तुमच्या मंडळीत शेवटचं कधी वाचलं गेलं? विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी तरी कुठे उजेडाची तिरीप येते. इथे येत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. असं स्तोत्र ज्यांनी पवित्र ठरवून ग्रंथात ठेवलं, त्यांना शेवटी एखादी आशेची ओळ जोडणं काही अवघड नव्हतं. नाही जोडली. ज्या दिवशी माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही, त्या दिवसासाठी त्यांनी ते जसंच्या तसं राखलं. हबक्कूक संदेष्टा तर आपल्या पुस्तकाची सुरुवातच देवाला जाब विचारून करतो: मी किती वेळ ओरडू, आणि तू ऐकणार नाहीस?

ईयोब म्हणजे दोष नसताना मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेला माणूस. त्याचे मित्र आपल्याला फार ओळखीचे वाटायला हवेत. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. मग ते तोंड उघडतात आणि देवाची बाजू मांडतात: तू पाप केलं असशील, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. शब्दन् शब्द रविवारच्या संदेशात शोभेल असा. ईयोब मात्र देवाला कोर्टात खेचायच्या गोष्टी करतो. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो कुणावर? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणारे दोषी ठरले, आणि देवावर ओरडणाऱ्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असा हुकूम झाला. “देवाची योजना असते, बाळा,” हे वाक्य त्या मित्रांच्या तोंडी अगदी फिट बसलं असतं.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून येशूला निरोप पाठवला: जो येणार आहे तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? हा प्रश्न कुणाचा, तर ज्याने यार्देनेत उभं राहून त्याच्याकडे बोट दाखवलं होतं त्याचा. येशूने त्याला झिडकारलं नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, जे दिसतं ते जाऊन सांगा म्हणाला; आणि निरोप्ये वळल्यावर लोकांना सांगितलं की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही. स्तुती केली ती त्याच्या संशयाच्याच दिवशी.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात डोंगरावर अकरा जण येशूला पाहून नमन करतात, “तरी कित्येकांना संशय वाटला.” मूळ ग्रीक क्रियापदात ‘दोन’चा भाव आहे, आपल्या ‘द्विधा’सारखा. सबंध नव्या करारात ते दोनदाच येतं, दोन्ही वेळा मत्तयातच. दुसरी जागा पेत्राची, पाण्यावर. तिथला क्रम बघण्यासारखा आहे: येशूने आधी हात पुढे करून त्याला धरलं, आणि मग विचारलं, संशय का धरलास? आम्ही शिक्षक आधी विचारतो, हात नंतर. कधी कधी हात राहूनच जातो. आणि डोंगरावर तर त्याने निवड-टिपणही केली नाही. विश्वासणारे एका बाजूला, संशयवाले दुसऱ्या बाजूला, असं न करता सगळ्या राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा सगळ्यांना मिळून दिली.

कुणी म्हणेल, हे सगळं शास्त्रातलं झालं, मंडळीला शिस्त लागते. मंडळीचा इतिहासही बघू. थॉमस अक्वायनस हा तेराव्या शतकातला मोठा धर्मपंडित. त्याच्या प्रमुख ग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरुद्ध बाजूने होते. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा, तसंच. ‘देव आहे का?’ या प्रश्नाखाली पहिलं वाक्य ‘देव नाही असं दिसतं’ या अर्थाचं आहे, आणि पहिला आक्षेप जगातल्या दुष्टाईचा. तो त्याने असा भक्कम मांडला आहे की नास्तिकालाही उसना घ्यावासा वाटेल. उत्तर नंतर. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आपण फक्त उत्तरपक्ष छापतो आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्यांना पूर्वपक्ष भेटला की दचकतो.

लिझ्यूची तेरेजा ही फ्रेंच जोगीण, जिचं चित्र गुलाबांसह घरोघरी असतं, तिने १८९६ च्या पुनरुत्थान-सणापासून मरेपर्यंत, म्हणजे १८९७ च्या सप्टेंबरपर्यंत, स्वर्ग आहे की नाही याच अंधारात दिवस काढले. चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. त्या काळात तिने विश्वासाचा अंगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून उराशी बाळगला. आणि ज्यांना विश्वास ठेवता येत नाही त्यांच्या मेजावर आपण बसलो आहोत, ते आपले भाऊ आहेत, असं तिने लिहून ठेवलं. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. तेव्हा काहींना धक्का बसला. मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

आणि पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरची त्यांची पत्रं वाचावीत. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), पंथाच्या अधिकाराबद्दल त्या ज्या सिस्टरबाईंना गुरुस्थानी मानत त्यांनाच प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या. सांगितलं तेवढं मान डोलवून घेणं त्यांना जमणारं नव्हतं. समोरून नाराजीही आली. त्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यावर खपत राहिल्या. प्रश्न विचारणारी जीभच भाषांतराला बसली.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी ईयोबाच्या मित्रांइतकीच खोटी ठरेन. प्रत्येक संशय वाढीचा नसतो. क्षमा मागायची वेळ आली की ज्यांना नेमका त्रैक्याचा प्रश्न पडतो, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांत मीही एकदा होते. हल्ली संशयाचा मिरवण्याजोगा दागिनाही झाला आहे. याकोबाचं पत्र संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेसारखा म्हणतं, आणि ते वचन खोडून टाकता येणार नाही. फक्त त्याच्या आधीचं वचनही वाचावं: ज्याला ज्ञान उणं आहे त्याने मागावं, देव ते दोष न लावता देतो. लूकच्या पहिल्या अध्यायात म्हातारा याजक जखऱ्या आणि येशूची आई मरीया, दोघंही मूल होणार असं सांगायला आलेल्या देवदूताला जवळजवळ सारखाच प्रश्न विचारतात. एक मुका होतो, दुसरीला समजावून सांगितलं जातं. फरक शब्दांत नाही, विचारणाऱ्याच्या मनात असावा, आणि ते मन देवदूताला दिसतं. मागच्या बाकावर बसलेल्याचं मन मला दिसत नाही. म्हणून चूक करायचीच तर मी समजावून सांगण्याच्या बाजूने करीन. (आणि जखऱ्या मुका झाला तरी मूल त्यालाही मिळालंच, हे विसरू नये.)

आणखी एक. १५७७-७८ मध्ये तोलेदोत आपल्याच संघाच्या लोकांनी कोंडून ठेवलेला स्पेनचा संत, क्रूसभक्त योहान, आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीबद्दल लिहितो, तेव्हा ही रात्र कोणती आणि नुसता ढिलेपणा किंवा मनाचा आजार कोणता, याच्या खुणा तो वेगळ्या करून सांगतो. सोळाव्या शतकातल्या माणसाला हे कळत होतं. तेव्हा झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या, मरणाचं बोलणाऱ्या मुलीला ‘तुझा विश्वास वाढव’ असं सांगू नका. तिला डॉक्टरकडे न्या, आणि प्रार्थना वाटेत करा.

मला तुमच्याकडून काय हवं आहे? नवा अभ्यासक्रम नको, समिती तर नकोच. वर्षातून काही रविवारी विलापाची स्तोत्रं शेवटची ओळ न बदलता वाचा. साक्षीच्या वेळी ‘मी अजून वाट पाहतो आहे’ असं म्हणणाऱ्यालाही माइक द्या. दृढीकरणाच्या मुलाखतीत एक प्रश्न घाला: कुठली गोष्ट तुला अजून पटलेली नाही? ‘सगळं पटलं’ असं म्हणणाऱ्या मुलाची मला काळजी वाटते. यहूदाच्या छोट्याशा पत्रात, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, अशी आज्ञाच आहे. आज्ञा आपल्याला आहे, त्यांना नाही.

आणि पाळकसाहेब, फादर, तुमच्यापैकी कितीतरी जण स्तोत्र ८८ च्या शेवटच्या ओळीत राहून दर रविवारी आम्हाला तेविसावं देत असाल. तुमच्यासाठी आठ दिवसांची खोली कोण ठेवतं, हे मी कधी विचारलं नाही. ते आमचं चुकलं.

पुनरुत्थान-सणानंतरच्या रविवारी बऱ्याच मंडळ्यांत दरवर्षी योहानाचा तोच विसावा अध्याय वाचला जातो. यंदा त्या रविवारी वर्गात गोष्ट अर्ध्यावर थांबवायचं मी ठरवलं आहे, थोमा म्हणतो “मी विश्वास ठेवणारच नाही,” तिथेच. पुढचं पुढच्या रविवारी. मुलांना आठ दिवस राहू दे त्याच्याबरोबर.

त्या मुलाचा पत्ता मी शोधून काढला आहे. आता तो चांगला बाप्या झाला आहे म्हणे. गेल्या महिन्यात त्याला पत्र टाकलं. लिहिलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. लाजराच्या कबरेजवळ येशूही रडला, एवढं तरी तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं, आणि मग तुझ्या बाकावर येऊन बसायला हवं होतं. उत्तर आलेलं नाही. आठ दिवस केव्हाच होऊन गेले, पण मी मोजायचं थांबवलेलं नाही.

आपली,
संडे स्कूलची एक शिक्षिका